वीस मेगापिक्सेल आणि तांबट आळीतला अंधार

तांबट आळीत भरदुपारी गेलात तरी कारखान्याच्या आत डोळे सरावायला वेळ लागतो. पेशवाईत कोकणातून पुण्यात आलेल्या तांबटांची ही वस्ती, कसबा पेठेतली. दारातून आलेल्या उन्हाचा एक पट्टा घंगाळाच्या पोटावर पडलेला असतो आणि तो डोळे दिपवतो. त्याच्यामागची भिंत काजळलेली असते. या दोहोंच्या मध्ये हातोडी वरखाली होत असते, एका ठोक्याशेजारी दुसरा ठोका, सारख्या अंतरावर. कॅमेऱ्याला अवघड जाणाऱ्या तिन्ही गोष्टी इथे एका चौकटीत बसतात: फार उजेड, फार अंधार आणि हलणारा हात.

नवशिक्यानं घ्यायच्या स्वस्त, खिशात मावणाऱ्या डिजिटल कॅमेऱ्याबद्दल लिहायचं तर दुकानापेक्षा इथून सुरुवात केलेली बरी. दुकानात सगळेच कॅमेरे चांगले वाटतात. डोक्यावर भरपूर ट्यूबलाइट असतात, समोर विक्रेता न हलता उभा असतो आणि फोटो बघायचा तो कॅमेऱ्याच्या तीन इंची पडद्यावर. एवढ्या पडद्यावर वाईट फोटो काढायलाच कौशल्य लागेल.

मुळात ‘कोणता छोटा कॅमेरा घ्यावा’ हा प्रश्न पुन्हा विचारला जाऊ लागला, याचंच आधी नवल वाटायला हवं. जपानी कॅमेरा उत्पादकांच्या ‘सिपा’ या संघटनेचे आकडे पाहा. २०१० साली तिच्या सदस्य कंपन्यांनी जगभर १२ कोटींहून अधिक डिजिटल कॅमेरे पाठवले. त्यातले १० कोटींहून जास्त छोटे, लेन्स न बदलता येणारे होते. २०२४ साली या छोट्या कॅमेऱ्यांचा आकडा होता १९ लाखांच्या आसपास. मधल्या चौदा वर्षांत काय झालं हे तुमच्या खिशात वाजतंच आहे. पण २०२३ पेक्षा २०२४ चा आकडा थोडा वर होता, हेही खरं. कॉलेजातली मुलं आई-बाबांच्या कपाटातला जुना कॅमेरा काढून गळ्यात अडकवू लागली. त्याला ती ‘डिजीकॅम’ म्हणतात. निवृत्त मंडळींना फोनच्या गुळगुळीत काचेवर बोट नेमकं ठेवणं जड जातं, त्यांना दाबल्यावर ‘दाबलं गेलं’ असं कळणारं बटण हवं असतं. आणि काही आईबापांना मुलांच्या हाती फोन न देता फोटोची हौस पुरवायची असते. या तिघांना एकच कॅमेरा सांगता येणार नाही, हे आधीच सांगून टाकतो.

आपल्याकडे स्वस्त कॅमेऱ्याला एक जुनी परंपरा आहे. घरोघरी असलेला आग्फा क्लिक थ्री बडोद्यात तयार होत असे. त्याच्या एका रोलवर बारा चौकोनी फोटो निघत. नंतर आला ‘खटॅक’वाला हॉट शॉट, मग यशिका, मग कोडॅकचा केबी टेन. या सगळ्यांत एक समान गोष्ट होती. ठरवायचं फारसं काही नसे. उन्हात उभं राहा, सूर्य पाठीशी घ्या, दाबा. हे कॅमेरे उन्हासाठीच होते आणि घेणाऱ्यालाही ते ठाऊक असे. आजच्या स्वस्त छोट्या कॅमेऱ्याच्या, म्हणजे कॉम्पॅक्टच्या, खोक्यावर मात्र तो चंद्र टिपतो, वाढदिवसाचा केक टिपतो, धावणारं मूल टिपतो, असं सगळं चितारलेलं असतं. गोंधळ तिथून सुरू होतो.

खोक्यावरचा सगळ्यात मोठा आकडा मेगापिक्सेलचा. तो वाचून थांबणाऱ्याची फसगत ठरलेली. ४ बाय ६ इंचांचा फोटो लॅबमध्ये उत्तम छापायला दोन मेगापिक्सेलहून थोडं जास्त पुरतं. पूर्ण ए-फोर आकाराला नऊच्या आत. व्हॉट्सॲपवर नेहमीच्या पद्धतीनं पाठवलेला फोटो तर दोनेक मेगापिक्सेलवरच येऊन बसतो. गेल्या दहा-बारा वर्षांतल्या नावाजलेल्या कंपन्यांच्या स्वस्त कॉम्पॅक्टमध्ये १६ किंवा २० मेगापिक्सेल असतातच. त्यामुळे त्यावरून निवड करण्यात अर्थ नाही.

खरा आकडा खोक्याच्या मागे, बारीक अक्षरात असतो: सेन्सरचा आकार. स्वस्त कॉम्पॅक्टमध्ये बहुधा ‘१/२.३ इंच’ असं लिहिलेलं सापडेल. हा इंच टेपवरचा इंच नव्हे, ती जुन्या व्हिडिओ नळ्यांच्या काळापासून चालत आलेली मापं आहेत. प्रत्यक्षात तो सेन्सर सुमारे ६.२ मिलिमीटर रुंद आणि ४.६ मिलिमीटर उंच असतो, करंगळीच्या नखापेक्षा लहान. क्षेत्रफळ २८ चौरस मिलिमीटर. ‘एक इंची’ म्हणवणारा सेन्सर १३.२ बाय ८.८ मिलिमीटरचा, म्हणजे क्षेत्रफळात चौपट. रिको जीआर थ्रीसारख्या महागड्या खिसा-कॅमेऱ्यातला एपीएस-सी सेन्सर आणखी मोठा, पहिल्याच्या तेरापट. त्याची किंमतही लाखाच्या घरात जाते. आणि आता गंमत पाहा: आजच्या बऱ्याच मधल्या किमतीच्या फोनचा मुख्य सेन्सर हा स्वस्त कॉम्पॅक्टच्या सेन्सरपेक्षा मोठा असतो. शिवाय फोन एका क्षणात अनेक फोटो घेऊन ते एकमेकांवर बसवतो आणि अंधारातला दाणेदारपणा पुसून टाकतो. स्वस्त कॉम्पॅक्टला हे बहुधा जमत नाही.

म्हणून तांबट आळीत काय होतं ते बघू. कॅननचा आयक्सस २८५ एचएस हा २०१६ चा कॅमेरा या वर्गातला नमुना म्हणून घेऊ: २० मेगापिक्सेल, १२ पट ऑप्टिकल झूम. त्याच्या लेन्सभोवती ‘१:३.६–७.०’ असं कोरलेलं असतं. पहिला आकडा झूम न करतानाचा, दुसरा पूर्ण झूमचा. आकडा जितका लहान तितकं भिंग उजेडाला मोकळं. ३.६ वरून ७ वर गेलं की आत येणारा उजेड जवळजवळ चौथाई होतो. कारखान्यात आत, पट्ट्याबाहेरच्या उजेडात, आयएसओ, म्हणजे सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता, १६०० पर्यंत चढवलं तरी झूम न करता सेकंदाच्या चाळिसाव्या भागाच्या आसपास शटर मिळेल. हातोडी वर जाऊन थांबते तो क्षण पकडला तर बरा फोटो येईल. खाली येताना पकडली तर हातोडीच्या जागी पट्टा उमटेल. पूर्ण झूम करून काढायला गेलात तर सेकंदाचा दहावा भाग, म्हणजे हातोडी तर जाऊ द्या, तुमचाच हात हलेल. त्याच उजेडात एफ २ चं, म्हणजे वर १:२ लिहिलेलं, भिंग असलेला कॅमेरा शंभराव्या भागाच्याही पुढे जातो. सोनीचा २०२२ साली आलेला झेडव्ही-१एफ एक इंची सेन्सरचा, एफ २ चा, पण तो भारतात आला तोच पन्नास हजारांच्या आसपास. त्याला ऑप्टिकल झूम नाही. स्वस्त म्हणावं असं त्यात काही उरत नाही.

तर मग नवशिक्यानं तांबट आळीत काय करावं? जवळ जावं. झूमला हात लावू नये. कारागिराला विचारावं, दोन शब्द बोलावं, उंबऱ्याच्या आत येऊ का म्हणावं. आणि फोटोतला उजेड कमी-जास्त करणारं एक बटण शिकून घ्यावं, ज्यावर अधिक-उणे अशी खूण असते. उन्हाच्या पट्ट्यात चमकणारं तांबं पांढरं फटक येत असेल तर उणे एक करा. तांब्याचा रंग परत येतो आणि भिंत काळी पडली तर पडू द्या, ती काळीच आहे. हे बटण किंवा मेनूतला हा पर्याय ज्यात नाही, असा कॅमेरा शिकायला घेऊ नये. कॅमेरा पारखताना मेगापिक्सेलच्या आधी मी हे विचारतो.

कसब्याजवळच्या दुसऱ्या परीक्षेला ऊन पुरेसं असतं. शनिवारवाड्याचा पाया १७३० साली घातला गेला, १७३२ मध्ये वास्तुशांत झाली आणि १८२८ च्या आगीत आतलं लाकडी वैभव जळून गेलं. फोटोत येतो तो मुख्यतः तट आणि दिल्ली दरवाजा. हा दरवाजा उत्तरेकडे तोंड करून आहे, नावाप्रमाणेच. दिवाळीच्या दिवसांत सूर्य दिवसभर दक्षिणेकडे असतो, म्हणजे दरवाजाची दर्शनी बाजू सावलीत आणि मागे पेटलेलं आभाळ. पर्यटक समोर उभे राहून फोटो काढतात आणि माणसं काळी येतात म्हणून कॅमेऱ्याला दोष देतात. दोष दिशेचा आहे. इथे माणसं दहा फुटांच्या आत उभी करून फ्लॅश लावा, दुपार असली तरी. फोनचा एलईडी दिवा इथे काहीच करू शकत नाही. कॉम्पॅक्टचा झेनॉन फ्लॅश मात्र, एवढासा असला तरी, दहा-बारा फुटांपर्यंत खरा उजेड टाकतो. फोनवर मात करण्याच्या कॉम्पॅक्टच्या मोजक्या जागा आहेत, त्यातली ही एक. ट्रायपॉड नेण्याचा बेत असेल तर एवढं लक्षात ठेवा: वाडा पुरातत्त्व खात्याकडे आहे, हातात धरून फोटो काढायला आडकाठी नाही, पण तिपाई लावायला परवानगी लागते.

इथेच दुसरा आकडाही कळतो, तो म्हणजे भिंग किती रुंद पाहतं. २५ मिलिमीटर लिहिलेलं भिंग २८ वाल्यापेक्षा जास्त आवाका घेतं. कागदावर फरक तीनचाच, पण जुन्या पेठेत मागे सरकायला तीन पावलं नसतात. मागे सरकलात की रिक्षा. वाड्यांच्या दारांचे, बोळांचे, लाकडी खांबांचे फोटो काढायचे असतील तर झूम किती पट हे विचारण्याआधी सुरुवात कितीपासून आहे ते विचारा.

कसबा गणपतीचं मंदिर जिजाबाईंशी जोडलेलं आहे, हे ग्रामदैवत, आणि विसर्जन मिरवणुकीत पहिला मान याचा. गाभाऱ्यात फोटो काढू देतात का हे त्या त्या वेळी पुजाऱ्यांना विचारायचं. देत असले तरी फ्लॅश नको, कारण शेंदराच्या चकाकीवर तो पांढरा डाग होऊन उमटतो आणि दर्शनाला आलेल्या माणसांना त्रास होतो तो वेगळाच. शेंदराचा रंग स्वस्त सेन्सरला फार जड जातो. भगवा-लाल एकदम भरून वाहतो आणि त्यातले उंचवटे नाहीसे होतात. पुन्हा तेच बटण, उणे एक.

मिरवणूक हा मात्र निराळा मामला. १८९३ पासूनच्या सार्वजनिक उत्सवातलं कसबा गणपतीचं मंडळ मंडईतून निघतं, मागे तांबडी जोगेश्वरी, मग गुरुजी तालीम. स्वस्त कॉम्पॅक्ट घेऊन मिरवणूक टिपायची तर दुपार ते संध्याकाळ एवढाच वेळ आपला. अंधार पडल्यावर ढोल वाजवणाऱ्याचा हात पकडायला सेकंदाचा अडीचशेवा भाग तरी हवा, तो हा कॅमेरा देणार नाही. पन्नास फुटांवरून मूर्तीवर फ्लॅश उडवणारे शेकडो हात दरवर्षी दिसतात. त्यांच्या फ्लॅशनं पुढच्या माणसाचं डोकं तेवढं उजळतं. व्हिडिओत ढोलांचा आवाज फाटतो, त्याला इलाज नाही.

आणि गुलाल. गुरुजी तालमीचा गुलाल प्रसिद्ध आहे. कॉम्पॅक्टची लेन्स चालू केल्यावर नळीसारखी बाहेर येते आणि बंद केल्यावर आत जाते. आत जाताना बाहेरची धूळही घेऊन जाते. ‘लेन्स एरर’ असा संदेश देऊन अर्धी बाहेर अडकलेली लेन्स हे या कॅमेऱ्यांचं सर्वांत नेहमीचं मरण. दुरुस्ती बहुतेक वेळा कॅमेऱ्याच्या किमतीला भिडते. म्हणून गुलालात कॉम्पॅक्ट नेऊ नका, नेलाच तर चालू-बंद करत राहू नका आणि नंतर बाहेर आलेली नळी मऊ ब्रशनं झटकल्याशिवाय आत जाऊ देऊ नका.

एवढं सगळं ऐकून कुणी म्हणेल, मग घ्यायचाच कशाला? त्याचं उत्तर कुंभारवाड्यात आहे.

दिवाळीच्या आधी कसब्याच्या कुंभारवाड्यात पणत्या, मातीचे मावळे, तोफा आणि तयार किल्ले मांडून ठेवलेले असतात. मुलं किल्ला करतात आणि त्याचा फोटो फोनवर काढला की अर्धा मावळा स्पष्ट आणि मागचा बुरूज धुरकट येतो. लहान सेन्सरचा एक मोठा गुण इथे कामी येतो: जवळचं आणि लांबचं एकाच वेळी स्पष्ट ठेवणं त्याला सोपं जातं. त्यात मॅक्रो पद्धतीनं हे कॅमेरे वस्तूच्या अगदी जवळ जाऊ शकतात, आयक्सस २८५ तर एका सेंटिमीटरवर. कॅमेरा जमिनीवर टेकवला की बालेकिल्ला खरोखर उंच दिसतो, दरवाजावरचा पहारेकरी माणसाएवढा होतो. पणत्यांचे फोटो काढायचे तर कॅमेरा कट्ट्यावर टेकवा, फ्लॅश बंद करा, आयएसओ १०० वर आणा आणि दोन सेकंदांचा टायमर लावा, म्हणजे बटण दाबताना बसणारा धक्का फोटोत येत नाही. जे स्थिर आहे ते अंधारातही सुंदर येतं. हे शिकायला वीस मेगापिक्सेल लागत नाहीत, टेकू लागतो.

झूमचंही तसंच. फोनचा झूम बहुतेक वेळा कापून मोठा केलेला असतो. कॉम्पॅक्टमध्ये भिंगं खरोखर पुढे सरकतात. उन्हात, झाडावरचा पक्षी, शाळेच्या संमेलनातलं मूल, समोरच्या वाड्याच्या तुळईवरचं कोरीवकाम, यांसाठी आठ किंवा बारा पट ऑप्टिकल झूम अजूनही उपयोगाचा. ‘डिजिटल झूम’ असं लिहिलेलं दिसलं तर तो आकडा शून्य समजावा.

आता बाजार. मोठ्या कंपन्यांनी स्वस्त कॉम्पॅक्टची नवी मॉडेलं काढणं जवळपास थांबवलं आहे. सोनीचा डब्ल्यू ८३० दहा हजारांच्या आतबाहेर मिळायचा तो काळ गेला. कॅननने २०२५ मध्ये आयक्सस २८५ लाच थोडे बदल करून पुन्हा बाजारात आणलं आणि अमेरिकेत त्याची किंमत ठेवली ३७९ डॉलर. २०१६ च्या कॅमेऱ्याला एवढे पैसे! मागणी असली की असं होतं. त्याखालच्या किमतीत नव्या कोऱ्या कॅमेऱ्यांवर आज नाव दिसतं कोडॅकचं: पिक्सप्रो एफझेड ५५, पाच पट झूम, २८ मिलिमीटरपासून; किंवा पेन्सिल सेलवर चालणारा एफझेड ४५. हे कोडॅक म्हणजे आपल्या लग्नाच्या अल्बमवालं कोडॅक नव्हे. त्या कंपनीनं २०१२ साली दिवाळखोरी जाहीर केली आणि कॅमेऱ्याच्या धंद्यातून ती बाहेर पडली. आता परवाना घेऊन हे नाव जेके इमेजिंग नावाची कंपनी वापरते. दैव असं की जगातला पहिला डिजिटल कॅमेरा कोडॅकमध्येच १९७५ साली स्टीव्हन सॅसन या अभियंत्यानं जुळवला होता. एक फोटो कॅसेटवर उतरवायला त्याला २३ सेकंद लागत आणि फोटो असे ०.०१ मेगापिक्सेलचा. तर, पिक्सप्रो हे वाईट कॅमेरे नाहीत, पण नावाच्या पुण्याईवर घेऊ नका. एफझेड ४५ ला मला एका कारणानं मत द्यावंसं वाटतं. पेन्सिल सेल पुण्यातल्या तपकीर गल्लीच्या बाजारापासून गडाच्या पायथ्यापर्यंत कुठेही मिळतात. दहा वर्षांनी या कॅमेऱ्यांची खास बॅटरी मिळेल की नाही हे कुणी सांगू शकत नाही. मूल शिकायला घेणार असेल तर पेन्सिल सेल बरे, चार्जेबल घ्या म्हणजे झालं.

कोडॅकच्याच नावानं २०२५ मध्ये चार्मेरा नावाचं ३० ग्रॅमचं एक खेळणं आलं आहे, १.६ मेगापिक्सेलचं, किल्लीच्या साखळीला अडकवायचं. ते खेळणं म्हणून घ्या. कॅमेरा म्हणून नको.

याहून खाली, ऑनलाइन, अनोळखी नावांचा बाजार आहे: ‘६४ मेगापिक्सेल, फोर-के, १६ पट झूम’, किंमत चार-पाच हजार. आतला सेन्सर स्वस्त वेबकॅमच्या जातीचा, भिंग एका जागी बसवलेलं, आणि आकडा फुगवून ६४ केलेला. ओळखायची खूण सोपी. चांगल्या कॉम्पॅक्टच्या भिंगाभोवती दोन जोड्या आकडे कोरलेले असतात, मिलिमीटर आणि उजेड, उदाहरणार्थ ‘४.५–५४.० मिमी, १:३.६–७.०’. फुगवलेल्या कॅमेऱ्यावर तिथे फक्त ‘फोर-के’ किंवा ‘एचडी’ असतं. न पाहता कॅमेरा मागवणं तसं जुनंच. १८९०च्या दशकात सावेदादा म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकरांनी लंडनहून २१ गिनींना कॅमेरा मागवला आणि १८९९ मध्ये मुंबईत कुस्तीचं चित्रण केलं. त्यांनीही तो न पाहताच मागवला होता. पण ते मुळात धंदेवाईक छायाचित्रकार होते, काय मागवतोय हे त्यांना कळत होतं.

सगळ्यात शहाणपणाचा मार्ग, माझ्या मते, जुन्या कॅमेऱ्याचा. कसब्याला खेटून, मंगळवार पेठेच्या अंगाला, बुधवारी आणि रविवारी जुना बाजार भरतो. तिथल्या ताडपत्रीवर मिक्सरचं भांडं, नळाच्या चाव्या आणि डिजिटल कॅमेरे शेजारी शेजारी असतात. तिथे घ्या किंवा ओळखीच्या फोटो स्टुडिओतून, तयारी मात्र घरून करून जायची. चार्ज केलेली बॅटरी बहुधा नसतेच, म्हणून चार पेन्सिल सेल खिशात. दोन कार्डं: एक दोन जीबीचं, एक बत्तीसचं. फार जुने कॅमेरे दोन जीबीच्या वरचं एसडी कार्ड ओळखतच नाहीत. ऑलिम्पस आणि फुजीच्या २००२ नंतरच्या बऱ्याच कॅमेऱ्यांना एक्सडी नावाचं कार्ड लागतं, ते बंद पडून कित्येक वर्षं झाली. सोनीच्या जुन्यांना मेमरी स्टिक. ज्याचं कार्ड मिळत नाही तो कॅमेरा फुकट मिळाला तरी महाग.

चालू करा आणि कान द्या. लेन्स बाहेर येताना खरखरली तर ठेवून द्या. पूर्ण झूम करून पांढऱ्या भिंतीचा, नाहीतर आभाळाचा फोटो काढा. दर फोटोत त्याच जागी करडा ठिपका दिसला तर आत धूळ आहे. लेन्सवर तिरका टॉर्च मारा. कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं तर ती बुरशी, आणि ती आपल्याकडच्या चार महिन्यांच्या ओलाव्यात वाढतच जाते. बॅटरीचं झाकण दाबून धरावं लागत असेल तर ते तुम्हालाही दाबून धरावं लागणार. तारीख लावा, बॅटरी काढून परत घाला. तारीख लगेच गेली तर आतला छोटा सेल मेला आहे, हे चालवून घेता येतं, पण भाव कमी करायला पुरतं.

२००२ ते २००४ च्या सुमारास बनलेल्या काही सोनी सीसीडी सेन्सरांमध्ये उष्ण, दमट हवेत बिघाड होतो, हे २००५ साली जाहीर झालं होतं. हे सेन्सर इतर अनेक कंपन्यांच्या कॅमेऱ्यांतही होते. फोटो जांभळट, वाकडेतिकडे येतात किंवा काळे. त्या काळातला कॅमेरा असेल तर घेण्याआधी फोटो काढून बघाच. आणि ‘सीसीडी आहे’ म्हणून कुणी जास्त पैसे मागत असेल तर देऊ नका. ज्या रंगांवर पोरं आज भाळतात ते मुख्यतः तोंडावर पडलेल्या फ्लॅशचे आणि त्या काळच्या प्रक्रियेचे असतात. हे माझं मत, वाद घालायला मोकळीक आहे.

जुन्या कॅमेऱ्याचं बिल मिळालं तर उत्तम, नाहीतर विकणाऱ्याचं नाव-नंबर आणि कॅमेऱ्याचा सिरियल नंबर लिहून ठेवा. फोन चोरीचा असेल तर आयएमईआयवरून कळतं, कॅमेऱ्याला तशी सोय नाही. नवा घेत असाल तर पक्कं बिल घ्याच. डिजिटल कॅमेऱ्यावरचा जीएसटी जानेवारी २०१९ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे, आणि ‘बिलाशिवाय स्वस्त’ म्हणजे वॉरंटीशिवाय. मेमरी कार्ड गल्लीत स्वस्त मिळतं म्हणून घेतलं तर घरी संगणकावर पूर्ण भरून तपासा. १२८ जीबी लिहिलेल्या कार्डात ८ जीबीच असण्याची उदाहरणं भरपूर. सहलीला निघण्याआधी कळलेलं बरं. घरी कॅमेरा चामड्याच्या पाकिटात ठेवू नका, ते ओल धरतं. घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या पुरतात.

आता निवाडा. तुम्हाला रात्रीची मिरवणूक, घरातल्या कमी उजेडातलं धावणारं मूल, लग्नाचा हॉल टिपायचा असेल तर स्वस्त कॉम्पॅक्ट घेऊ नका. फोन वापरा, किंवा एक इंची सेन्सरसाठी पैसे साठवा, जुना सोनी आरएक्स १०० शोधा. तो २०१२ चा असला तरी अजून चांगला आहे. मुलाला शिकायला हवा असेल, उन्हातल्या सहली, किल्ले, पाखरं, वाड्यांची दारं हे विषय असतील, तर नावाजलेल्या कंपनीचा, २५ मिलिमीटरपासून सुरू होणारा, आठ ते बारा पट ऑप्टिकल झूमचा, अधिक-उणे करता येणारा वापरलेला कॅमेरा घ्या. डोळ्यांना पडदा दिसत नाही अशी तक्रार असणाऱ्यांनी दर्शकभिंग, म्हणजे डोळा लावायची खिडकी असलेला जुना कॅमेरा शोधावा. नवाच हवा आणि खर्च कमीत कमी करायचा तर पेन्सिल सेलवाला. चार-पाच हजारांतला ६४ मेगापिक्सेलवाला कोणीही घेऊ नये. आणि काहीही घ्या, पैसे देण्याआधी दुकानाच्या सगळ्यात अंधाऱ्या कोपऱ्यात, काउंटरच्या खालच्या कप्प्यात, आत तोंड करून एक फोटो काढा, आणि तो फोटो मोठा करून बघा. दुकानदार काढू देत नसेल तर पुढचं दुकान बघा.

ज्यांना विकत घ्यायचा नाही, त्यांच्यासाठी एक विनंती. दिवाळीच्या आवराआवरीत कपाटाच्या वरच्या फळीवर, चार्जरच्या गुंत्यात, २००८ च्या आसपासचा कॅमेरा बहुतेकांच्या घरी सापडेल. भंगारात टाकू नका. बॅटरी फुगली असेल तर तेवढी ई-कचऱ्यात द्या. आतलं कार्ड काढून त्यावरचे फोटो दोन ठिकाणी उतरवून घ्या, मग कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा, आणि कॅमेरा आपल्या वाड्यातल्या, सोसायटीतल्या एखाद्या दहा-बारा वर्षांच्या मुलीला किंवा मुलाला देऊन टाका, चार्जरसकट.